बिनप्रार्थनेची भेट

पन्नाशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो. का झालो, हे मला तेव्हाही नीट सांगता येत नव्हतं आणि आजही येत नाही. कुणी विचारलं की मी म्हणायचो, "माणसांचं ऐकायला शिकायचंय." ते खोटं नव्हतं. पण नावाआधी 'डॉक्टर' लागलं तर बरं दिसेल, असंही मनात कुठंतरी होतं. शिवाय मुलं शिकून आपापल्या वाटेला लागली होती आणि संध्याकाळी घर खायला उठायचं. एवढी कारणं असल्यावर माणूस ठाम असायला हवा. मी पहिल्या दिवसापासून गोंधळलेलाच होतो.

मी सोलापुरात पाळक होतो. पाळक म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पाद्री. मंडळीत गिरणीचे कामगार होते, दवाखान्यातल्या नर्सबाया होत्या, शाळामास्तर होते, थोडे रेल्वेवाले होते. आणीबाणी नुकतीच उठली होती. त्याआधीच्या दुष्काळात देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, व्हरांड्यात उभं राहून मी मदतीचं धान्य वाटलं होतं. तेव्हापासून मला एक खोड लागली होती. दारात कुणी आलं की मला आधी त्याची पिशवी दिसायची आणि मग माणूस दिसायचा. ती खोड जावी असं मला मनापासून वाटत होतं. त्यामुळे पुण्याच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात 'पाळकीय समुपदेशन' या विषयात डॉक्टरेट करता येते असं कळलं तेव्हा मी अर्ज करून टाकला. 'समुपदेशन' हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडी बसला नव्हता. मंडळीत बातमी पसरली ती अशी, की पाळकसाहेब डाक्टर व्हनार हायत, आता दवाखाना कुटं टाकत्यात बघायचं.

माझे मार्गदर्शक केरळचे होते. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, परदेशात शिकून आलेले, आवाज इतका मऊ की ते रागावले तरी मला पाच मिनिटांनी कळायचं. मी त्यांना 'सर' म्हणत उभा राहायचो, ते मला 'रेव्हरंड' म्हणत बसायला सांगायचे. दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं.

सरांचे नियम सोपे होते, म्हणजे ऐकायला सोपे. दुःखात असलेल्या माणसाला उपदेश करायचा नाही. बायबलातलं वचन पटकन काढून त्याच्या तोंडावर मारायचं नाही. त्याचं बोलणं त्याला आपल्या शब्दांत परत द्यायचं, मग तोच पुढं बोलतो. घाईघाईनं प्रार्थना तर मुळीच करायची नाही. सर म्हणायचे, बरेच पाळक प्रार्थना करतात ती भेट संपवण्यासाठी, समोरच्याचं रडणं थांबवण्यासाठी. हे मला झोंबलं, कारण ते खरं होतं. प्रत्येक भेटीनंतर घरी येऊन समोरचा काय बोलला, मी काय बोललो, सगळं आठवून शब्दशः लिहायचं आणि सरांना दाखवायचं. तेही इंग्रजीत. आमच्याकडची एक बाई "पोटात नुसतं कालवतंय" म्हणाली, ते मी इमानदारीनं इंग्रजीत नेलं. सरांनी समासात तांबड्या शाईनं विचारलं, हिला पोटाच्या डॉक्टरांना दाखवलंत का?

घरी मी सराव करायचो. बायको प्राथमिक शाळेत शिकवायची, तिला माझ्या या विद्येचा फार लवकर कंटाळा आला.

"डाळ संपलीय," ती म्हणाली.

"डाळ संपल्याचं तुला वाईट वाटतंय," मी म्हणालो.

"वाईट कशाला वाटेल? आणा म्हणतेय."

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या मंडळीत पाळकाची प्रार्थना हाच निकाल असायचा. घरात तंटा झाला की पाळकाला बोलवायचं. पाळकानं सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, समोरासमोर कुणालाही दोष द्यायचा नाही, आणि शेवटी डोळे मिटून जे काय सांगायचं ते देवाला सांगायचं. दोन भावांचं नळाच्या पाण्यावरून वाकडं आलं होतं, तेव्हा मी प्रार्थनेत म्हणालो होतो, "प्रभू, थोरल्या भावाला सकाळचा पहिला तास सोडून देण्याची बुद्धी दे." दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या घागरी भरल्या. डोळे मिटलेल्या माणसाशी भांडणार कोण? आणि शेवटी ज्यानं ज्यानं 'आमेन' म्हटलं, तो बांधला गेला. "आमेन म्हनून फिरला" ही आमच्याकडे मोठी शिवी होती. चहासुद्धा प्रार्थनेनंतरच यायचा. पाळकानं प्रार्थना केली म्हणजे तो आता उठणार, हे घरातल्या बाईला कळायचं आणि ती आधण ठेवायची.

त्या उन्हाळ्यात मंडळीचे एक पंच माझ्याकडे आले. गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते, सगळं खातं त्यांच्या आवाजाला वचकून असायचं. त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी अकलूजला दिली होती. जावई साखर कारखान्यात फिटर, ख्रिस्तीच, कारखान्याच्या खोल्यांत राहायचा. मुलगी ईस्टरच्या सणाला माहेरी आली ती परत जायचं नाव घेईना.

"काय झालं म्हनावं तर सांगत न्हाय," जॉबर म्हणाले. "नुसतं म्हनती, तितं करमत न्हाय. अहो, सासरी करमायला ते काय शिनिमाचं थेटर हाय? जावई पीत न्हाय, हात उचलत न्हाय, येताना साखर घिऊन येतो. तुमी या आन् एकदा सांगा तिला."

सांगा म्हणजे कसं सांगा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी दुपारी गेलो. गिरणीच्या चाळीत दोन खोल्या. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं, आत जॉबर, त्यांची बायको आणि भिंतीला टेकून बसलेली ती मुलगी. झळा येत होत्या म्हणून आईनं दार लोटलं. मुलगी उठली, दार उघडून पुन्हा जागेवर बसली. थोड्या वेळानं जॉबरनी पाय लांब करून दार ढकललं, तर तिनं पुन्हा उठून उघडलं. माझं लक्ष सगळं नियमांत अडकलेलं होतं. मी मनात म्हणालो, ही पोर एका जागी बसेल तर काही बोलणं होईल.

"तुला तिथं करमत नाही," मी तिचं बोलणं तिला परत दिलं.

"व्हय," ती म्हणाली.

पुढं ती आपणहून बोलेल म्हणून मी वाट बघितली. आई पदरानं वारा घेत होती. जॉबर माझ्याकडे बघत होते, मी खाली सतरंजीकडे बघत होतो.

"दादा, तुम्हाला काय वाटतं?" मी जॉबरना विचारलं.

"मला काय वाटायचंय? आमी तुमाला बोलावलंय, तुमी सांगा की."

उपदेश करायचा नाही. मी गप्प. मुलीला विचारलं, तुझ्या मनात काय आहे? तिनं एकदा बापाकडे, एकदा दाराकडे बघितलं आणि मान हलवली. स्वयंपाकघरात आधणाला केव्हाच उकळी आली होती, आणि प्रार्थनेचं नाव नाही म्हणून आई आत-बाहेर करत होती. शेवटी मला काही सुधरेना. घाईनं प्रार्थना करायची नाही हा नियम आठवला आणि मी उठलो. "पुन्हा येतो," म्हणालो. प्रार्थना न करता मी कुणाच्या घरातून निघालो असा तो माझ्या आयुष्यातला पहिला दिवस. चहा तसाच राहिला.

घरी येऊन मी ती भेट लिहून काढली. लिहिताना बरं वाटत होतं. कुठंही उपदेश नाही, कुठंही वचन नाही. 'मुलगी अस्वस्थ, सारखी उठते,' असं दाराबद्दल एका ओळीत टाकलं. सरांनी त्यावर लिहिलं, 'चांगली प्रगती.'

त्या प्रगतीनं मुलीचं काय केलं हे मला आठवड्याभरानं कळलं, तेही बायकोकडून. ती नळावरून आली ती बादली आपटूनच.

"तुम्ही जॉबरच्या घरी प्रार्थना केली नाही?"

"नाही. त्याचं कारण असं की..."

"कारण राहू द्या. बाया काय म्हणतायत ठाऊक आहे? पाळकसाहेबांना पोरीचं असं काहीतरी कळलं की देवापुढे बोलायलाही त्यांना लाज वाटली. अकलूजला कुणाबरोबर काय काय, ते सगळं रचून झालंय. जॉबर सोमवारच्या एस.टी.नं तिला नेऊन घालणार आहेत. पोरीची ट्रंक भरली."

मी बसलो तो बसलोच. मला राग आला. सरांचा आला, बायांचा आला, आणि मग माझा मलाच आला. ज्या गप्प बसण्यानं मुलगी बोलायची होती, त्या गप्प बसण्यातून सगळ्या चाळीनं आपापलं ऐकून घेतलं होतं. पुण्यात माझं मौन म्हणजे आदर होता, आणि इथं तोच निकाल झाला होता, तोही मुलीच्या विरुद्ध. आता मी काय करायचं? जाऊन प्रार्थनेत "हिला इथंच ठेव" म्हणायचं? पण का ठेव? मला काहीच ठाऊक नव्हतं. उद्या ती खरंच नुसती हट्टी निघाली तर एक संसार माझ्या शब्दानं मोडायचा. "हिला सुखरूप जाऊ दे" म्हणायचं? आणि तिकडे काही असलं तर? मी बायकोला विचारलं, तुला काय वाटतं?

"मला वाटतं तुम्ही मला विचारण्याऐवजी तिकडे जावं," ती म्हणाली.

रविवारी उपासना आटोपली की मी तसाच त्यांच्याकडे गेलो. ट्रंक खरंच दारापाशी बांधून ठेवलेली होती, वर वळकटी. मुलगी उंबऱ्यात बसली होती, भर उन्हात. मला बघून आत सरकली.

जॉबर हात जोडून म्हणाले, "बरं झालं आलात. उद्या हिला घिऊन निगतोय. परवासाची पार्थना करा, म्हंजे आमी मोकळे."

आता मी पुरता कात्रीत सापडलो. प्रवासाची प्रार्थना केली तर ती पाठवणी झाली. नाही केली तर मागच्या वेळचं कुभांड खरं ठरलं. आईनं डोक्यावरून पदर घेतला, जॉबरनी डोळे मिटले, मुलीनंही मिटले. सगळे माझ्या तोंडाकडे कान लावून. नंतर लोक म्हणायचे, पाळकसाहेबांना त्या वेळी बरोबर सुचलं. साफ खोटं. मला काहीच सुचत नव्हतं, म्हणून ते तोंडातून निघून गेलं.

"आज पोरीनं प्रार्थना करावी," मी म्हणालो.

जॉबरनी डोळे उघडले. घरात थोरली माणसं असताना, त्यातून पाळक समोर असताना, लेकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची रीत आमच्याकडे नव्हती. "ती काय करनार?" ते म्हणाले. पण मी डोळे मिटून घेतले होते. मिटलेल्या डोळ्यांशी ते तरी कसे भांडणार? त्यांनीही परत मिटले असावेत.

मग ती देवळातल्या भाषेत बोलू लागली. "हे आमच्या स्वर्गीय बापा, आम्ही तुझे उपकार मानतो." तिथं अडली. पुन्हा तेच म्हणाली, पुन्हा अडली. आणि मग आवाज बदलला.

"देवा, तुला म्हाईत हाय की. कामावर जाताना ते भाईरनं कुलूप लावायचे. दिसपाळी असू दे न्हायतर रातपाळी. किल्ली संगं न्यायचे. मी कुनाला सांगितलं न्हाय, कारन त्यात सांगन्यासारखं काय हाय? पीत न्हाईत, मारत न्हाईत. कुलूपच तर लावत्यात. लोक म्हनतील काळजीनं लावत असतील. पर देवा, थंडीत कारखान्याच्या चिपाडाला आग लागली तवा मी आत होते. धूर आला. मी दार वाजवलं. लई वाजवलं. शेजारच्या मावशींनी वरवंटा आनून कुलूप फोडलं तवा मी भाईर आले. ते घरी आले तर मला काई इचारलं न्हाय. तुटकं कुलूप हातात घिऊन बसले. म्हनाले, चांगलं कुलूप वाया घालवलंस. आन् दुसऱ्या दिवशी मोठं आनलं."

आईच्या तोंडून हुंदका फुटला. जॉबरच्या घशातून काहीतरी आवाज आला, पण प्रार्थनेच्या मध्ये बोलायचं नसतं, ते पंच होते, त्यांनीच लहान पोरांना ते शिकवलं होतं. पाळकानं डोळे उघडू नयेत. मी उघडले. जॉबरचेही उघडे होते आणि ते दाराकडे बघत होते.

"उद्या जायाचं हाय," ती म्हणत होती. "आबा म्हनत्यात तर जाईन. पर त्या दाराच्या आत माझं काय झालं तर निदान तुला म्हाईत असावं, म्हनून सांगितलं. प्रभू येशूच्या नावानं मागते. आमेन."

मागितलं तर तिनं काहीच नव्हतं.

प्रार्थनेनंतरचं पहिलं 'आमेन' पाळकाचं असतं, मग बाकीचे म्हणतात. मी मुलीकडेच बघत होतो आणि माझ्यावाचून सगळं अडलंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शेवटी आईनंच पदरात तोंड धरून म्हटलं. मग आम्ही जॉबरकडे बघत राहिलो. मला वाटतं मुलीलाही कळलं होतं, की आता या एका शब्दावर सगळं आहे. आमेन म्हटलं की तिनं सांगितलं ते बापानं खरं मानलं. जॉबर बसले होते ते मांडीवरच्या हातांकडे बघत. हे हात गिरणीतल्या मागांवर चालायचे आणि तिथं कुणाची टाप नव्हती त्यांना अडवायची. ते खाकरले.

"आमेन," जॉबर म्हणाले.

मी सगळ्यांत शेवटी म्हटलं.

मग ते उठले. स्वयंपाकघरात गेले आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आले. अर्धवट लोटलेलं दार त्यांनी भिंतीपर्यंत उघडलं आणि वरवंटा खाली फळीला टेकवून ठेवला. दार हलवून बघितलं. हललं नाही. बाहेरची झळ सरळ आत आली.

"झळा येतील हो," आई म्हणाली.

"येऊ देत. च्या टाक."

सोमवारी अकलूजची एस.टी. त्यांच्याशिवाय गेली. ट्रंकेवरची वळकटी कुणी सोडली मला ठाऊक नाही.

ही भेट मी तशीच्या तशी लिहिली. सरांना ती आवडली नाही. समासात तांबडी शाई भरून गेली होती. 'इथे तुम्ही प्रार्थनेचा आडोसा घेतलात का?' 'वडिलांच्या उपस्थितीत मुलीला बोलायला लावणं योग्य होतं का?' 'निर्णय नेमका कुणाचा?' मी चिडलो, दोन दिवस उत्तरं लिहीत बसलो, फाडली, परत लिहिली. सरांचे प्रश्न चुकीचे नव्हते. मला उत्तरं येत नव्हती. मी मुलीला बोलतं केलं म्हणावं तर मी तिला एक प्रश्नही धड विचारला नव्हता. देवानं केलं म्हणावं तर प्रबंधात तसं लिहून चालत नाही. निर्णय बापाचा म्हणावा, तर तो आमेन म्हणून बांधला गेला होता. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, या भेटीत समुपदेशन नेमकं कोणत्या क्षणी झालं? मी म्हणालो, वरवंटा ठेवला तेव्हा. त्यांनी वरवंटा म्हणजे काय ते विचारलं. मला इंग्रजी शब्द आठवेना. मी दोन्ही हातांनी मिरची वाटून दाखवली. ते एकमेकांकडे बघत राहिले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले.

डॉक्टरेट मिळाली. कशी मिळाली हेही मला कळलं नाही. मंडळीत मला कुणी बरं होण्याचं औषध मागितलं नाही, पण एक फरक पडला. काही घरांतले कर्ते पुरुष मला बोलावलं की लेकीसुनांना आधीच आत पिटाळू लागले. न जाणो, पाळकसाहेब त्यांनाच प्रार्थना करायला सांगायचे.

जॉबरच्या घरी मी त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुन्हा गेलो होतो. जावई येऊन गेला होता, आपली बाजू मांडून, चहा पिऊन एकटाच परत गेला होता. पुन्हा येईन म्हणाला होता. पुढं काय होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, मला तर मुळीच नव्हतं. मुलगी दाराकडे पाठ करून शिवणाच्या मशीनवर बसली होती. एवढा वेळ मी होतो, पण ती दाराकडे बघायला एकदाही उठली नाही. वरवंटा फळीशी तसाच होता, त्याच्या बाजूला वाऱ्यानं आलेली धूळ साठलेली. आई ताटात मिरच्या, लसूण आणि मीठ घेऊन बाहेर निघाल्या.

"वहिनी, कुठं निघालात?"

"शेजारी. चटनी वाटून आनते."

"आणि घरचा वरवंटा?"

"त्यो कामात हाय की," त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन गेल्या.